१८६१च्या अलाहाबाद सोहळ्याचं चित्र कसं ओळखायचं?

'स्टार ऑफ इंडिया' या ब्रिटिश राजवटीतल्या मानाच्या किताबाच्या प्रदानाच्या जलरंगचित्रात १८६१चा पहिला सोहळा आहे का, असं विचारलंय. आधी झगे बघा: फिकट निळं सॅटिन, आत पांढरं रेशीम. खरी खूण म्हणजे सरदारांमध्ये बसलेली स्त्री. ती भोपाळच्या राज्यकर्त्या सिकंदर बेगम. १ नोव्हेंबरला अलाहाबादेत राणी व्हिक्टोरियाच्या वतीने व्हाइसरॉय लॉर्ड कॅनिंगने त्यांना आणि ग्वाल्हेरच्या जयाजीराव शिंद्यांना हा मान दिला. आपल्या शिंद्यांना त्या गर्दीत शोधताना मला फार आनंद होतो! मूळ चित्र समोर असेल तर मानचिन्हाच्या फितीच्या पांढऱ्या कडा अगदी जवळून पाहा. जलरंगात तो पांढरा बहुधा कोरा सोडलेला कागदच असतो. छापील प्रतीत ही नजाकत हरवते.