इराणमधल्या यझद शहरात टॅक्सीवाले, दुकानदार पाहुण्याकडून पैसेच घेत नाहीत हे खरं का? सॅक घेऊन आठवडाभर राहायचं तर लोकांशी वागावं कसं?

घेतात. व्यवस्थित घेतात. ‘इराणमध्ये मला कुणी पैसेच देऊ दिले नाहीत’ असं ट्रेकच्या ग्रुपांत छाती फुगवून सांगणारे जे वीर आहेत, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी कुणा ड्रायव्हरचं भाडं बुडवलेलं असतं आणि वर त्याला पाहुणचार म्हणतात. असाच एक जण आमच्या ग्रुपात आहे, त्याच्याशी माझा हा वाद जुना आहे. म्हणून जरा लांबण लावतो.

टॅक्सी थांबली की तुम्ही विचारता, ‘चंद मिशे?’ म्हणजे किती झाले. ड्रायव्हर छातीवर हात ठेवून म्हणतो, ‘घाबेल नदारे.’ तुमच्यापुढे पैशाचं काय एवढं, अशा भावाचं ते बोलणं. याला ताआरोफ म्हणतात आणि त्यात तुमचीही बाजू ठरलेली आहे. तुम्ही हसायचं, ‘खाहेश मिकोनम’ म्हणजे ‘प्लीज’ म्हणायचं, हात पुढेच ठेवायचा. तो पुन्हा नको म्हणेल. तुम्ही पुन्हा विचारायचं. साधारण तिसऱ्या वेळी आकडा सांगतो आणि नोट घेतो. आपल्याकडे हॉटेलात बिलावरून ‘अरे राहू दे, मी देतो’ चालतं, तेव्हा पहिल्याच वाक्याला पाकीट खिशात घालणाऱ्याबद्दल माघारी काय बोलतात ते तुम्हाला माहीत आहे. यझदमध्ये ‘थँक यू’ म्हणून दार लावून चालू पडणारा नेमका तोच. ड्रायव्हर मागून हाक मारणार नाही, कारण आता मागणं त्याला लाजिरवाणं.

क्वचित कुणी खरंच घेत नाही. तीनदा-चारदा आग्रह करूनही नोट परत तुमच्या खिशात कोंबतो, किंवा स्पष्ट सांगतो की हा ताआरोफ नाही. मग वाद घालू नका. सॅकमध्ये चिक्की किंवा वेलदोड्याची पुडी ठेवा, ती पुढे करा. वेलदोडा त्यांच्या मिठाईत पडतो, त्यामुळे कौतुकाने घेतात.

भाडं आधी ठरवलं तर हा प्रकार आटोक्यात राहतो. रस्त्यावरची टॅक्सी शेअरची असते, चार प्रवासी भरतात. एकट्याला हवी असेल तर बसण्याआधी ‘दरबस्त’ म्हणा आणि रक्कम विचारा. टॅक्सी बोलावायच्या स्नॅप अ‍ॅपवर भाडं आधीच दिसतं, पण त्याला इराणी सिम लागतं.

खरा घोटाळा ताआरोफपेक्षा आकड्यांत होतो. नोटेवर रियाल, तोंडात तोमान. दहा रियाल म्हणजे एक तोमान. त्यात बोलताना ‘हजार’ गाळतात. ड्रायव्हर ‘पंजाह’ म्हणाला तर ते पन्नास हजार तोमान, म्हणजे नोटांवरचे पाच लाख रियाल. शंका आली की ‘तोमान या रियाल?’ विचारा आणि मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर आकडा लिहून दाखवा. फारसी अंक घरूनच पाठ करून जा: सात म्हणजे इंग्रजी व्ही, आठ म्हणजे उलटा व्ही, पाच उलट्या बदामासारखा, शून्य म्हणजे जेमतेम ठिपका. लिपी उजवीकडून वाचतात, आकडे मात्र डावीकडूनच. भारतीय बँकेचं कार्ड, व्हिसा, मास्टरकार्ड, काहीही चालत नाही. सगळा खर्च युरो किंवा डॉलरच्या कोऱ्या नोटांत न्यायचा आणि थोडाथोडा मोडायचा. स्थानिक माणूस मात्र मिठाची पुडीसुद्धा कार्डावर घेतो, दुकानदार ‘रम्ज?’ विचारतो आणि गिऱ्हाईक आपला पिन सगळ्यांदेखत मोठ्याने सांगतं. दचकू नका.

आता माणसांत मिसळायचं म्हणाल, तर त्यासाठी नानवाईची म्हणजे रोटीवाल्याकडची रांग सगळ्यात उत्तम. संगक भाजणारी भट्टी गाठा. तापलेल्या बारीक खड्यांच्या उतारावर पीठ पसरून हातभर लांब रोटी भाजतात. बऱ्याच ठिकाणी दोन रांगा असतात: एकच रोटी हवी असलेल्यांची वेगळी आणि ती झपाझप सरकते. चुकीच्या रांगेत उभे राहिलात तर कुणीतरी दंडाला धरून हलवतो, राग मानू नका. रोटी बाहेर आली की जाळीच्या टेबलावर पालथी टाकून खडे झटका. एखादा खडा चिकटून राहतोच आणि तो दाढेखाली आला की सहल दंतवैद्याकडे संपते. गरम असताना घडी घालून प्लास्टिकमध्ये कोंबू नका, घाम सुटून चामडं होतं. मिनिटभर वारं लागू द्या, मग कापडात गुंडाळा. रांगेत शेजारचा आपल्या रोटीचा तुकडा तोडून ‘बेफर्माईद’ म्हणत पुढे करेल. तो घ्या. घास आणि चहा घ्यावा, पैशाचा नकार मात्र मानू नये, एवढा हिशेब ठेवला तरी पुष्कळ.

चहाबद्दल एक. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलवाल्यांपैकी बरीच घराणी यझद आणि आसपासच्या गावांतली, म्हणून तिथे जाऊन दुधाचा चहा आणि ब्रुन मस्का शोधू नका. चहा कोरा असतो. साखरेचा खडा दातांत धरायचा आणि त्यावरून चहा ओढायचा. आपला धागा बघायचाच असेल तर अग्निमंदिरात जा. १९३४ची ती इमारत भारतातल्या पारशांच्या पैशातून उभी राहिली.

घरी जेवायला बोलावणं हासुद्धा आधी ताआरोफच समजा. दोनदा नम्रपणे टाळा. समोरच्याने वार, वेळ आणि फोन नंबर दिला तर निमंत्रण खरं आहे. रिकाम्या हाताने जाऊ नका: कोत्ताब किंवा पशमक या तिथल्या मिठाईचा डबा न्या. जोडे दाराशी काढा. भिंतीवरच्या गालिचाची फार तारीफ करू नका, नाहीतर यजमान ‘पिशकश’ म्हणजे ‘तुम्हालाच’ म्हणेल आणि तुम्हाला पुन्हा नको-नको करत बसावं लागेल.

राहिलेलं पटकन. दुपारी एकच्या सुमाराला दुकानं बंद होतात, ती चार-पाचला उघडतात. शुक्रवारी बाजार जवळपास बंदच. फहादान या जुन्या वस्तीतल्या मातीच्या गल्ल्या दुपारी सुन्न असतात, सकाळी आणि दिवे लागणीला फिरा. रमजानात दिवसा रस्त्यावर खाऊ-पिऊ नका. बाईने एकटीने फिरताना टॅक्सीत मागे बसावं, आणि घरी बोलावणाऱ्याच्या सोबत बायका-मुलं असतील तरच हो म्हणावं. डोक्यावरच्या रुमालाचा कायदा अजून आहे.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: भारतीयांना मिळणारी व्हिसामाफी इराणने नोव्हेंबर २०२५मध्ये थांबवली, नोकरीच्या नावाखाली फसवून नेलेल्या भारतीयांच्या अपहरणांनंतर. त्यामुळे तिकीट काढण्याआधी व्हिसा आणि आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची ताजी सूचना बघा. आणि आमच्या ग्रुपातल्या त्या महाशयांचा ‘फुकटात यझद’चा व्हिडिओ कुणी पाठवला तर हे उत्तर त्याखाली चिकटवा.