मुलीच्या सातव्या वाढदिवसाला घरच्या घरी कोणते जुने खेळ घ्यावेत?

बारा मुलं, दोन खोल्यांचं घर आणि सोबत आजी-आजोबा, असं तुम्ही लिहिलंय. माझं पहिलं सांगणं एवढंच, की ज्यात कुणी बाद होऊन बसून राहत नाही असे खेळ घ्या. संगीत खुर्चीत बहुतेक वेळा सगळ्यात लहान मूलच आधी बाहेर पडतं आणि उरलेल्या दहा फेऱ्या भिंतीला टेकून बघत बसतं. पाहुणं म्हणून आलेल्या पोराला असं बसवून ठेवणं मला अजिबात पटत नाही. हा खेळ हवाच असेल, तर खुर्च्यांऐवजी उशा मांडा आणि दर फेरीला उशी काढा, मूल नको. शेवटी तीन-चार उशांवर सगळी एकमेकांना धरून दाटीवाटीनं बसतात आणि हसून हसून लोळतात.

या वयाला सगळ्यात रंगतो तो ‘मामाचं पत्र हरवलं’. मोठ्या खोलीतलं सामान भिंतीला लावा आणि मुलांना आत तोंड करून गोलात बसवा. ज्याच्यावर राज्य, तो रुमाल घेऊन मागून पळतो. तो म्हणतो, “मामाचं पत्र हरवलं!” बाकीचे ओरडतात, “ते मला सापडलं!” पळता पळता तो कुणाच्या तरी पाठीशी हळूच रुमाल टाकतो. वळून बघायचं नाही, फक्त हातानं मागे चाचपायचं. रुमाल लागला की उठून त्याच्यामागे पळायचं, तोवर तो रिकाम्या जागेवर बसला तर राज्य आपल्यावर. कळलंच नाही आणि तो फेरी मारून परत आला, तर पाठीत धपाटा! रुमाल सुती आणि बिनगाठीचा ठेवा. धाकटी भावंडं आली असतील तर त्यांना सरळ ‘लिंबू-टिंबू’ जाहीर करा. ती खेळतील, पण त्यांच्यावर राज्य येणार नाही.

आंधळी कोशिंबीर गच्चीवर नको, खालच्या अंगणातच घ्या.

केक कापून झाला, बरीचशी मुलं घरी गेली, की आजोबांना पत्ते पिसायला सांगा. बदाम सात सात वर्षांच्या मुलीलाही जमतं. बदाम सत्ती ज्याच्याकडे असेल त्यानं सुरुवात करायची, मग तिच्या दोन्ही बाजूंनी छक्की, अठ्ठी असं लावत जायचं. इस्पिक, किलवर, चौकटच्या सत्त्याही आपापल्या पाळीला खाली येतात. लावण्यासारखं पान नसेल तरच ‘पास’. सहा जण असाल तर चौघांना 9 आणि दोघांना 8 पानं येतात, लहानांना 8 द्या. दुसरं पान लावता येत असताना मोठी माणसं मुद्दाम आपली सत्ती दाबून ठेवतात आणि तो अख्खा रंगच अडतो. ही युक्ती मुलीला आजीकडूनच शिकू द्या, तुम्ही आधी सांगू नका.