जपानमध्ये जेएएल आणि एएनए या दोनच मोठ्या विमान कंपन्या कशा काय? बाकीच्या कुठे गेल्या?

एएनएच्या तिकिटावरचा फ्लाइट नंबर बघा, तो 'एनएच'ने सुरू होतो. ऑल निप्पॉन एअरवेज या नावात 'एच' कुठेच नाही. तो हेलिकॉप्टरचा आहे. डिसेंबर १९५२ मध्ये ही कंपनी 'निप्पॉन हेलिकॉप्टर' म्हणून दोन हेलिकॉप्टरांवर उभी राहिली. आजचं नाव १९५७चं.

जपान एअरलाइन्स, म्हणजे जेएएल, तिच्याहून वर्षभराने मोठी. महायुद्धात हरलेल्या जपानला दोस्त राष्ट्रांनी विमान उडवायलाही बंदी घातली होती. त्यामुळे १९५१ मध्ये जेएएलने सेवा सुरू केली ती अमेरिकेच्या नॉर्थवेस्ट या विमान कंपनीकडून विमान आणि वैमानिक दोन्ही भाड्याने घेऊन. १९५३ मध्ये सरकारने तिच्यात भांडवल घातलं आणि पुढच्याच वर्षी ती सॅन फ्रान्सिस्कोला जाऊ लागली.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर पुढे आहे. १९७० आणि ७२ मध्ये सरकारने आकाशाची चक्क वाटणी केली. ही वर्षं जपानी कालगणनेत शोवा ४५ आणि ४७, म्हणून तिला '४५-४७ व्यवस्था' म्हणतात. परदेशी मार्ग आणि देशातले मोठे मार्ग जेएएलला. एएनएला फक्त देशातले. तिसरी, तोआ डोमेस्टिक, हिच्या वाटणीला मुख्यतः छोट्या गावांचे मार्ग आले. एएनएचं पहिलं नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाण ग्वामला झालं ते थेट मार्च १९८६ मध्ये, वाटणी मोडल्यावर. १९८७ मध्ये जेएएल पूर्ण खाजगी झाली.

मधल्या १९८५ बद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. मी तीन वर्षं टोकियोला लागून असलेल्या कावासाकीत नोकरीला होतो. नदीपलीकडे टोकियोच्या हानेदा विमानतळावर जेएएलचं सुरक्षा केंद्र आहे. आधी नाव नोंदवून कुणालाही जाता येतं. तिथे १२ ऑगस्ट १९८५ला कोसळलेल्या जेएएलच्या फ्लाइट १२३ची मागची दाब-भिंत, म्हणजे केबिनमधला हवेचा दाब शेपटीकडे अडवून धरणारी भिंत, ठेवली आहे. सात वर्षांपूर्वी त्या जम्बोची शेपटी धावपट्टीला घासली होती. दुरुस्तीत या भिंतीची जोडपट्टी अखंड बसवायची, ती दोन तुकड्यांत बसवली गेली. दोन ओळींच्या रिव्हेटनी पेलायचा भार एकाच ओळीवर आला. ती ओळ सुटली तेव्हा ५२० माणसं गेली, चौघं वाचली. विमान अर्धा तास भरकटत असताना काही प्रवाशांनी घरच्यांसाठी लिहिलेल्या चिठ्ठ्याही तिथे आहेत. त्यांच्यासमोर मी बराच वेळ उभा होतो. कंपनीच्या नव्या माणसांना हे सगळं दाखवतात, आणि ते मला फार योग्य वाटतं.

तोआ डोमेस्टिक १९८८ मध्ये जपान एअर सिस्टिम झाली आणि २००२ पासून जेएएलमध्ये विरत गेली. पण जेएएलचं स्वतःचंच ओझं वाढलेलं होतं: जुनी जम्बो विमानं, तोट्यातले मार्ग, जड पेन्शन. माझ्या मते सरकारच्या मांडीवर वाढल्याची ही किंमत होती. जानेवारी २०१०मध्ये सुमारे २.३ लाख कोटी येनच्या कर्जासह तिने दिवाळखोरी जाहीर केली. क्योसेरा या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीचे संस्थापक काझुओ इनामोरी पगार न घेता अध्यक्ष झाले. विमान धंद्याचा त्यांना अनुभव नव्हता. तरी कंपनी सप्टेंबर २०१२मध्ये पुन्हा शेअर बाजारात आली. मात्र त्यासाठी हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या, हे विसरता कामा नये. त्याच सुमारास, ऑक्टोबर २०११मध्ये, बोइंग ७८७ जगात सगळ्यात आधी प्रवाशांसाठी उडवलं ते एएनएने.

नव्या कंपन्या आल्याच नाहीत असं नाही. १९९८ मध्ये स्कायमार्क आणि एअर डू उतरल्या. पण टोकियोची खरी कमाई हानेदावर, आणि तिथे उतरण्या-उडण्याच्या वेळा मोजक्याच. त्यातल्या बहुतेक जेएएल आणि एएनएकडे. २०१५ मध्ये स्कायमार्क बुडाली तेव्हा तिला सावरायला पैसा घालणाऱ्यांत एएनए होती.