मुंजीतली जिलबी आणि मंगळवारची बाकरवडी

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. चार महिने दिवसातून दोनच वेळा जेवून तुम्ही सहा किलो वजन कमी केलेत. रविवारी कार्यालयात भाच्याची मुंज झाली, तेथे मसालेभात, अळूची भाजी, मठ्ठा आणि पाच जिलब्या झाल्या, रात्री घरी आल्यावर फ्रिजचे दार उघडे ठेवून उभ्याउभ्या श्रीखंड खाल्लेत, आणि सोमवारी सकाळी वजनकाट्याने १.९ किलो जास्त दाखवले. सोमवार तुम्ही उपाशी काढलात, मंगळवारी रात्री बाकरवडीचे अख्खे पाकीट संपवलेत, आणि आता विचारता आहात की दोन दिवस नुसत्या लिंबूपाण्यावर राहिल्यास हे भरून निघेल का, आणि मनाला लागलेली बोच कशी घालवावी. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे आणि त्यावर फार बोलण्यासारखे काही नाही. दुसऱ्याचे उत्तर लांबणार आहे, कारण त्या बोचणीपायी माझे एक अख्खे वर्ष वाया गेले होते.

आधी काट्याचा हिशेब करू, कारण बोचणी तेथून सुरू झाली. एक किलो चरबी अंगावर चढण्यासाठी शरीराच्या रोजच्या गरजेहून साधारण ७,७०० कॅलरी जास्त खाव्या लागतात. १.९ किलोसाठी हा आकडा साडेचौदा हजारांच्या पुढे जातो. एका मध्यम जिलबीत दीडशे कॅलरी धरल्या, तर तुम्हाला रविवारी रोजचे जेवण जेवून त्याशिवाय सुमारे सत्त्याण्णव जिलब्या खाव्या लागल्या असत्या. जुन्या पंगतींत पैजेने जिलब्या खाणारे लोक असत, पण तुम्ही त्यांतल्या नाही. मग काट्यावर दिसले ते काय होते? आपले यकृत आणि स्नायू पिठूळ व गोड पदार्थांतली साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतात, आणि त्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधले जाते. चार महिने कमी खाऊन हा साठा उतरलेला असतो. एका दिवसात भात, जिलबी आणि श्रीखंड मिळाल्यावर तो भरून निघतो, आणि तीनशे ग्रॅम साठा भरला तर पाण्यासह सव्वा किलोच्या आसपास वजन त्यातच दिसते. त्यावर कार्यालयातल्या स्वयंपाकातले मीठ आणखी पाणी धरून ठेवते, आणि सकाळपर्यंत आतड्यांत असलेले अन्नही काट्याला वजनच वाटते. यातले बहुतेक सारे रोजचे जेवण सुरू ठेवले की काही दिवसांत आपोआप उतरते. चरबी म्हणून खरोखर उरले असेल ते फार तर दोन-अडीचशे ग्रॅम.

आता माझी गोष्ट सांगतो. २०१६ च्या अखेरीस माझे वजन ९४ किलो होते आणि पुढच्या आठ महिन्यांत मी ते ८५ वर आणले होते. २०१७ च्या गणपतीत मोठ्या भावाकडे गौरीजेवणाला गेलो आणि वहिनींच्या हातच्या चार पुरणपोळ्या, वर तूप, कटाची आमटी आणि भजी असे आडवा हात मारून जेवलो. त्या जेवणात नेहमीपेक्षा दीड हजार कॅलरी जास्त गेल्या असतील, म्हणजे चरबीच्या हिशेबात दोनशे ग्रॅमसुद्धा नाहीत. पण रात्रभर मला झोप लागली नाही, आणि दुसऱ्या दिवशी मी गरम पाण्यावर राहून पर्वतीच्या १०३ पायऱ्या तीन वेळा चढायचे ठरवले. तिसऱ्या खेपेला डोळ्यांपुढे अंधारी आली. कसाबसा उतरलो, आणि पायथ्याशी पहिली जी गाडी दिसली तिच्यावर दोन प्लेट भजी खाल्ली. त्या रात्री मनाने कौल दिला की आता गणपती जाऊ देत, मग नव्याने सुरुवात करू. गणपती गेले, पितृपक्ष आला, नवरात्र आले, दसरा झाला, आणि प्रत्येक वेळी ‘हे एवढे होऊ दे’ असे म्हणत मी दिवाळीपर्यंत पोहोचलो तेव्हा काटा ८९ दाखवत होता. चार किलो वजन सात आठवड्यांत चढले, म्हणजे मी रोज सहाशेच्या वर कॅलरी जास्त खात होतो. मला मात्र पुढे कितीतरी महिने, वजन पुरणपोळ्यांमुळे वाढले असेच वाटत राहिले. पुरणपोळीचा वाटा त्यात विसावा होता.

तुमच्याकडेही तेच घडू लागले आहे, म्हणून मी हे इतके सविस्तर लिहीत आहे. रविवारची जिलबी तुम्ही नातेवाइकांत बसून, हसतखेळत आणि चवीने खाल्लीत. मंगळवारची बाकरवडी सोमवारच्या उपाशीपणातून आली, आणि सोमवारचा उपास रविवारच्या अपराधीपणातून आला होता. आता लिंबूपाण्याचे दोन दिवस काढलेत, तर तिसऱ्या रात्री घरातल्या कुठल्या डब्याची पाळी येईल ते तुम्हीच ओळखा.

ही केवळ तुमची किंवा माझी खोड नाही. पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक या संशोधकांनी १९७५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणींना आधी मिल्कशेक पाजून नंतर चव पाहण्याच्या निमित्ताने आइस्क्रीम हवे तेवढे खाऊ दिले. खाण्यावर एरवी बंधन न घालणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले, आणि हे स्वाभाविकच होते. परंतु ज्या एरवी मोजूनमापून खात, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम उलट जास्त खाल्ले. पथ्य मोडलेच आहे, तर आता आजचा दिवस गेला, हा तो विचार. आपल्याकडे बुडत्याचा पाय खोलात म्हणतात, पण येथे बुडणारा गुडघाभर पाण्यातच असतो आणि उरलेली खोली स्वतः खणतो. पुढे २००७ मध्ये क्लेअर अ‍ॅडम्स आणि मार्क लिअरी यांनी याचीच दुसरी बाजू तपासली. डोनट खाल्ल्यानंतर काही विद्यार्थिनींना सांगितले गेले की असे सगळेच कधी ना कधी खातात, तेव्हा स्वतःला फार बोल लावू नका. बाकीच्यांना काही सांगितले नाही. त्यानंतर गोळ्या-चॉकलेटे पुढे ठेवल्यावर, खाण्यावर कडक बंधने घालणाऱ्यांपैकी ज्यांनी ती समजूत ऐकली होती त्यांनी इतरांपेक्षा कमी खाल्ले. स्वतःला माफ केले तर आपण सैल सुटू, अशी जी भीती तुम्ही बोलून दाखवली आहे, तिच्या नेमके उलट हे निरीक्षण आहे.

तुम्ही ज्या पद्धतीने जेवता, ती डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रात घरोघरी पोहोचवली. दोन वेळा, कडकडून भूक लागल्यावर आणि ५५ मिनिटांच्या आत जेवायचे, हा तिचा गाभा आहे, आणि नियम सोपा असल्यामुळे तो पाळणेही सोपे जाते. मात्र मोजके आणि स्पष्ट नियम असले की ‘पाळले’ आणि ‘मोडले’ यांच्या मधली जागा मनात उरत नाही. आठवड्याला चौदा जेवणे धरली तर चार महिन्यांत तुमची सुमारे दोनशे चाळीस जेवणे झाली. सहा किलो कमी झाले ते या दोनशे चाळीस जेवणांमुळे. त्यांतले एक मुंजीचे होते, एवढीच नोंद वहीत व्हायला हवी.

आणखी एक गोष्ट मला आपल्या घरांत वारंवार दिसते. उपास हे प्रायश्चित्त आहे ही समजूत आपल्यात लहानपणापासून मुरलेली असते, त्यामुळे चूक झाली असे वाटले की जेवण सोडणे हा पहिला विचार सुचतो. पण याच समाजाने ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ असेही म्हणून ठेवले आहे, आणि साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याची आमटी खाऊन उपास केलेल्या कुणालाही या म्हणीचे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. शिवाय आपल्या बायकांना अपराधी वाटण्याची दोन्हीकडून सोय असते: आग्रहाला नाही म्हटले तर यजमानांचा मान राखला नाही, आणि हो म्हटले तर पथ्य मोडले. मग चारचौघांत थोडे खायचे आणि उरलेले रात्री दिवा न लावता, फ्रिजच्या उजेडात खायचे, अशी वाट निघते. तुम्ही पाच जिलब्यांचा उल्लेख एका ओळीत केलात आणि श्रीखंड उभ्याने खाल्ल्याचे मात्र तीन वेळा लिहिलेत. तुम्हाला बोचते आहे ते चोरून खाणे, असे मला वाटते. त्यावर उपाय फार साधा आणि सुरुवातीला फार अवघड आहे: जे खायचे असेल ते वाटीत घ्यावे, दिवा लावावा, खुर्चीवर बसावे आणि घरातले कुणी समोर असले तरी खावे. मी हे सुरू केले तेव्हा आमच्या घरी श्रीखंडाचा डबा पूर्वीपेक्षा तिप्पट दिवस पुरू लागला.

आज काय करायचे, ते आता सांगतो. आजचे पुढचे जेवण तुमच्या नेहमीच्या वेळी आणि नेहमीइतके घ्या: ज्वारीची भाकरी, मटकीची किंवा मुगाची उसळ, पालेभाजी, काकडीची कोशिंबीर आणि ताक. ते कमी करू नका, कारण रात्रीच्या भुकेची सोय दुपारीच करावी लागते. फिरायला जरूर जा, तळजाईवर जा किंवा वेताळ टेकडीवर जा, पण जिलब्या ‘जाळायला’ म्हणून जाऊ नका. तासभर चालून दोनेक जिलब्यांपलीकडे काही जळत नाही, आणि चालण्याला एकदा शिक्षेचे रूप आले की पुढच्या महिन्यात पाय टेकडीकडे वळत नाहीत. वजनकाटा रविवारपर्यंत कपाटावर ठेवा. त्यानंतर रोज वजन करण्याची सवय असेल तर आठवड्याची सरासरी काढून तिची मागच्या आठवड्याच्या सरासरीशी तुलना करा, म्हणजे पाण्याचे चढउतार तुम्हाला फसवणार नाहीत. वहीत जे खाल्ले ते लिहा, परंतु त्यापुढे ‘लाज’, ‘हावरटपणा’ असले शब्द लिहू नका. माझ्या जुन्या वहीत असले शब्द पानोपानी आहेत, आणि जेथे ते आहेत त्याच्या पुढची पाने बहुधा कोरी आहेत.

तुम्हाला मधुमेह असेल आणि त्यासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण चुकवू नका, कारण रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. दुसरी गोष्ट अधिक गंभीरपणे सांगतो. थोड्या वेळात खूप खाणे, खाताना हात थांबवता न येणे आणि नंतर स्वतःचा तिटकारा वाटणे, हे जर आठवड्यातून एकदा तरी आणि सलग तीन महिने होत असेल, तर तो मनोबलाचा प्रश्न राहत नाही. मानसोपचारात त्याला आजार मानतात आणि त्यावर चांगले उपचार आहेत. मुद्दाम उलटी काढणे किंवा रेचके घेणे सुरू झाले असेल तर तीन महिने वाट पाहण्याचेही कारण नाही. पुण्यात मानसोपचारतज्ज्ञांची वाण नाही, आणि एकदम कुणाकडे जाण्याचा संकोच वाटत असेल तर शासनाच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. तुमच्या लिहिण्यावरून दोनच रात्रींचा प्रकार दिसतो, तरी हे लिहून ठेवणे मला योग्य वाटले.

राहिला नातेवाइकांचा प्रश्न. ‘डाएट सुटले वाटते?’ असे मुंजीत विचारणाऱ्या जाऊबाईंना उत्तर देण्याची जबाबदारी तुमची नाही. ‘आज मुंज आहे ना,’ एवढे पुरते, आणि हसून म्हटले तर विषय तेथेच संपतो. यजमानीणबाईंच्या आग्रहावर ‘डब्यात द्या, घरी नेते’ हा तोडगा बरेच जण सुचवतात. मी तो वापरून पाहिला आणि घरी आलेल्या डब्याचे काय झाले हे येथे सांगत नाही.

शेवटी तुम्ही पुढच्या महिन्यातल्या सासरच्या सत्यनारायणाची धास्ती व्यक्त केली आहे. त्या दिवशी संध्याकाळी गोड होणार म्हणून सकाळपासून उपाशी राहू नका. दुपारचे जेवण नेहमीसारखे घेऊन जा. प्रसाद तळहातावर मावेल तेवढाच देतात, तो घ्या आणि सावकाश खा. त्यानंतर स्वयंपाकघरातून वाट्या भरभरून शिरा येईल, तेव्हा तो आवडत असेल तर एक वाटी सर्वांसमोर बसून खा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर उभे राहू नका.