'तणाव लवचिकता' म्हणावं का? ताण, प्रतिबल आणि नॅनो

प्रश्न विचारणाऱ्या ताई एका संशोधन संस्थेच्या अहवालाचा मराठी सारांश करत आहेत. अहवालाचे दोन भाग आहेत. पहिला 'स्ट्रेस रेझिलिअन्स'चा, म्हणजे कठीण प्रसंगातून जाऊनही काही माणसांचं मन ठीक राहतं ते कशामुळे, याचा. दुसरा नॅनो पातळीवरच्या प्रकाशिकीचा (ऑप्टिक्सचा) आणि इलेक्ट्रॉनिक्सचा. पहिल्या भागाला त्यांनी 'तणाव लवचिकता' असं नाव दिलं. दुसऱ्या भागात 'स्ट्रेस' आणि 'स्ट्रेन' हे शब्द सिलिकॉनच्या थराबद्दल आले, तिथेही त्यांनी 'ताण'च लिहिला. पुढे 'फ्लेक्झिबल इलेक्ट्रॉनिक्स' आलं आणि 'लवचीक' शब्द आधीच खर्ची पडला होता. म्हणून त्या विचारतात: 'तणाव लवचिकता' चालेल का, दोन्हीकडे एकच 'ताण' ठेवावा का, आणि 'नॅनो'ऐवजी 'अब्जांश' लिहावं का?

माझं मत आधीच सांगून टाकतो. 'तणाव लवचिकता' काढून टाका. मनाच्या भागात 'ताण' ठेवा, सिलिकॉनच्या भागात जपून वापरा. 'नॅनो' आहे तसा राहू द्या. आता कारणं.

'ताण' आणि 'तणाव' यांत मी मनाच्या संदर्भात 'ताण' घेतो. 'तणाव' वर्तमानपत्रांनी दंगलीला आणि सीमेला देऊन टाकला आहे. 'गावात तणावपूर्ण शांतता' हे वाक्य वाचत आपण मोठे झालो. 'ताण' मात्र घरातला शब्द आहे. परीक्षेचा ताण, डोळ्यांवर ताण, दोरीला ताण. शिवाय रविवारी दुपारी जेवून 'ताणून देतो' ती झोपही त्याच धातूची, पण ते असो.

'ताण'ची एक सोय अशी की तो कारणालाही चालतो आणि परिणामालाही. 'कामाचा ताण आहे' म्हटलं की बाहेरून येणारं ओझं, 'मला ताण आलाय' म्हटलं की आत झालेली अवस्था. इंग्रजीत याच जागी गोंधळ झाला. पदार्थविज्ञानात दोन शब्द वेगळे आहेत: पदार्थाच्या आत एकक क्षेत्रफळावर येणारं बल ते स्ट्रेस, आणि त्यामुळे आकारात पडणारा फरक ते स्ट्रेन. ही फोड 1850च्या दशकात स्कॉटिश अभियंता विल्यम रँकिन यांनी नीट करून दिली. मग शरीराच्या प्रतिसादांचा अभ्यास करणारे हान्स सेली यांनी 1936 मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात एक छोटं टिपण छापलं. वेगवेगळ्या प्रकारे त्रास दिलेल्या उंदरांची शरीरं साधारण एकाच पद्धतीने प्रतिसाद देतात, असं त्यात दाखवलं होतं. पुढे त्यांनी या प्रतिसादाला 'स्ट्रेस' हे नाव लावलं. खरं तर शरीरात होणारा बदल म्हणजे अभियंत्यांच्या भाषेत स्ट्रेन. इंग्रजी आपली मातृभाषा असती तर आपण दुसरा शब्द निवडला असता, असं सेली नंतर म्हणत, असं सांगतात. मराठी मानसशास्त्राला ही अडचण आलीच नाही, कारण 'ताण' दोन्ही खोल्यांत राहतो.

पण 'ताण'चा सगळ्यात नेमका वापर मला विचाराल तर मानसशास्त्रात किंवा भौतिकीत सापडत नाही, तो बागेत सापडतो. अमरावती जिल्ह्यात वरूड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागायतदाराला भेटा. तो 'बागेला ताण दिलाय' असं म्हणेल. आंबे बहार, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस येणारा संत्र्याचा फुलोरा, धरायचा असेल तर थंडीत बागेचं पाणी हळूहळू तोडायचं. झाडाची नवी वाढ थांबते, पानं मलूल होतात, फिकट पडतात, काही गळतात. वाढीवर खर्च होणारं अन्न फांद्यांत साठून राहतं. मग ताण तोडायचा, तोही एकदम नाही: आधी हलकं पाणी, त्याला आंबवणी म्हणतात, नंतर थोडं जास्त, ते चिंबवणी. त्यानंतर बाग फुलांनी भरते. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो. काळ्या भारी जमिनीत ओल टिकून राहते, तिथे 'ताण बसलाच नाही' ही तक्रार दरवर्षीची. ताण जास्त झाला तर झाड खचतं, कमी पडला तर बहार फुटत नाही. देणं, बसणं, तोडणं ही तिन्ही क्रियापदं 'ताण'ला जोडून वापरणारा हा समाज आहे. असा शब्द हाताशी असताना तुम्ही 'स्ट्रेस'साठी कोशात का शोधता, हे मला कळत नाही. बारामतीजवळ माळेगावला केंद्र सरकारची एक संस्था आहे, दुष्काळ, क्षार, उष्णता यांना पिकं कशी तोंड देतात यावर काम करणारी. तिचं नाव मराठीत 'राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था' असं लिहितात. तिथेही 'ताण'च.

आता 'रेझिलिअन्स'. इथे 'लवचिकता' का नको? मराठीत लवचीक म्हणजे वाकवलं तर वाकणारं, न मोडणारं. वाकून पुन्हा सरळ होईलच अशी हमी त्यात नाही. शिशाची पट्टीही वाकते आणि वाकलेलीच राहते. माणसाच्या बाबतीत तर 'लवचीक' म्हटलं की जुळवून घेणारा, प्रसंगी तत्त्वं थोडी बाजूला ठेवणारा, असा वास येतो. शिवाय तुमच्या अहवालात वाकणारे पडदे आणि वाकणारी सर्किटं आहेतच. त्यांना 'लवचीक इलेक्ट्रॉनिक्स' हा शब्द चपखल बसतो, तो त्यांनाच द्या.

'स्थितिस्थापकता' हा दुसरा उमेदवार. तो पाठ्यपुस्तकात 'इलॅस्टिसिटी'ला दिलेला आहे: बल काढून घेतलं की मूळ आकार परत येणं. गंमत म्हणजे 'रेझिलिअन्स' हा शब्दही मुळात अभियांत्रिकीतलाच. इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंग यांनी 1807 च्या व्याख्यानांत तो पदार्थाला लावला, धक्का सोसण्याच्या संदर्भात: स्थिर भाराला टिकून राहणं हे बळ, आणि आघात पचवणं हे रेझिलिअन्स. आजही अभियंते त्याचा अर्थ तसाच धरतात: कायमची विकृती न येता पदार्थाने एकक घनफळात किती ऊर्जा सामावून घेतली. पण माणसाच्या मनाला 'स्थितिस्थापक' म्हणणं मला पटत नाही. कोणी आपत्तीतून गेला की तो 'मूळ स्थितीत' येत नाही, तो आता वेगळा माणूस असतो.

'सहनशीलता'? हा शब्द घेतला तर संशोधनाचा गाभाच निसटेल, आणि इथे थोडं थांबायला हवं. उंदरांवरचा एक प्रयोग या क्षेत्रात सतत उद्धृत होतो. मेंदूचे अभ्यासक एरिक नेस्लर यांच्या गटाने तो 2007 मध्ये 'सेल' या नियतकालिकात छापला. लहान उंदराला रोज काही मिनिटं एका मोठ्या, भांडखोर उंदराच्या पिंजऱ्यात सोडायचं. तो मार खातो. मग उरलेला दिवस दोघांमध्ये भोकं पाडलेली पारदर्शक भिंत: मार बसत नाही, पण मारणारा दिसतो आणि त्याचा वासही येतो. दुसऱ्या दिवशी नवा पिंजरा, नवा गुंड. असे दहा दिवस. त्यानंतर लहान उंदराला मोकळ्या खोक्यात ठेवून दुसऱ्या टोकाला जाळीआड एक अनोळखी उंदीर ठेवतात. काही उंदीर कोपऱ्यात दबून बसतात. काही मात्र नेहमीसारखे जाऊन जाळीपाशी हुंगतात.

मार सगळ्यांनी सारखाच खाल्लेला आहे. हुंगायला गेलेल्यांना भीती वाटली नाही असंही नाही, चिंतेच्या चाचण्यांत दोन्ही गट घाबरटच निघाले. फरक मेंदूत दिसला. मध्यमेंदूत डोपामिन हे संदेशवाहक रसायन तयार करणाऱ्या पेशींचा एक भाग आहे. कोपऱ्यात बसलेल्यांमध्ये त्या पेशी जास्त वेगाने विद्युत-संदेश सोडू लागल्या होत्या. टिकून राहिलेल्यांमध्ये त्याच भागातल्या पेशींमधून पोटॅशियम ये-जा करतं त्या मार्गांशी संबंधित जनुकांचं काम वाढलं होतं आणि पेशींचा वेग आटोक्यात होता. त्या भागात एकूण जास्त जनुकांमध्ये बदल झाला तो टिकून राहिलेल्या उंदरांत, खचलेल्यांत नाही. म्हणजे टिकून राहणं हे शरीराने केलेलं काम आहे, आणि 'सहनशीलता' त्या कामाला गप्प बसवते. आपल्याकडे सुनेच्या सहनशीलतेचं इतकं कौतुक झालं आहे की हा शब्द मानसिक आरोग्याच्या अहवालात यायलाच नको. पिकाला चालेल. 'पाण्याचा ताण सहन करणारं वाण' यात कुणावर अन्याय होत नाही.

मग 'उभारी'? हा माझा लाडका शब्द. 'गारपिटीनंतर बागायतदारांनी पुन्हा उभारी घेतली' असं आपण सहज लिहितो. त्यात सक्रियताही आहे. पण उभारी घेण्याआधी पडावं लागतं, आणि संशोधकांची व्याख्या दुहेरी आहे. जर्मनीत माइन्झला याच विषयाला वाहिलेली एक लायब्निट्झ संस्था आहे, तिथले राफाएल कालिश आणि त्यांचे सहकारी रेझिलिअन्स म्हणजे संकटाच्या काळात मानसिक आरोग्य टिकून राहणं किंवा ते लवकर पूर्ववत होणं, असं मांडतात. पहिल्या अर्थात कोणी पडलेलंच नसतं. हवाईतल्या काउआई बेटावर 1955 मध्ये जन्मलेल्या मुलांचा एमी वर्नर आणि सहकाऱ्यांनी अनेक दशकं पाठपुरावा केला. गरिबी, घरातली भांडणं, आजारपण अशा परिस्थितीत वाढलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं जबाबदार, आत्मविश्वास असलेली तरुण झाली. ती मुलं कोसळून उठली असं म्हणणं चुकीचं ठरेल. त्यांनी ओझं पेललं.

हाच शब्द मी सुचवेन: पेलणं. 'ताण पेलण्याची क्षमता'. पेलणाऱ्याचे हात वर असतात आणि पाय रोवलेले असतात. तो सोसत नाही, धरून असतो. शिवधनुष्य आपण पेलतोच. 'हे त्याला पेलवेल का?' हा प्रश्न मराठी माणूस रोज विचारतो, आणि संशोधकही तोच विचारत आहेत. विभागाचं नाव 'ताण पेलण्याच्या क्षमतेचं संशोधन' असं द्या. लांब झालं, कबूल. पण 'तणाव लवचिकता' वाचून कोणालाही काही कळणार नव्हतं, हे कळेल. मजकुरात जिथे सावरण्याचा टप्पा येईल तिथे 'उभारी' बिनधास्त वापरा.

सिलिकॉनकडे येऊ. इथे 'ताण' सरसकट वापरला तर चूक होईल, कारण मराठीत ताण म्हणजे ओढ. भौतिकीतला स्ट्रेस ओढीचा असतो, दाबाचाही असतो आणि कातरीचाही (थर एकमेकांवरून सरकवणारा). म्हणून पाठ्यपुस्तकांत आणि विश्वकोशात त्याला 'प्रतिबल' म्हणतात, आणि स्ट्रेनला 'विकृती'.

हा भेद नॅनोइलेक्ट्रॉनिक्समध्ये नुसता शाब्दिक नाही. सिलिकॉनच्या स्फटिकात अणूंच्या रचनेचं एक घर 0.543 नॅनोमीटरचं (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) असतं, जर्मेनियमचं 0.566 नॅनोमीटरचं, म्हणजे चार टक्क्यांच्या आसपास मोठं. दोन्हींच्या मिश्रणाचा थर सिलिकॉनला जोडून वाढवला की सिलिकॉनच्या अणूंना आपली जागा सोडून सरकावं लागतं. चिपच्या 90 नॅनोमीटर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पिढीत, 2003-04 च्या सुमारास, इंटेलने हे तंत्र बाजारातल्या प्रोसेसरांत आणलं. एका प्रकारच्या ट्रान्झिस्टरमध्ये वाट इलेक्ट्रॉनांची असते; तिथे वरून सिलिकॉन नायट्राइडचं आवरण देऊन सिलिकॉन ताणलं. दुसऱ्या प्रकारात विद्युतभार 'छिद्रं', म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा, वाहून नेतात; तिथे दोन्ही बाजूंना सिलिकॉन-जर्मेनियम भरून मधलं सिलिकॉन दाबलं. दोन्हीकडे विद्युतभार जास्त सहज धावू लागले. एकाच चिपवर एक ताणलेला आणि एक दाबलेला. दोघांनाही 'ताण' लिहिलं तर अर्धी चिप उलटी होईल.

मात्र 'विकृती'चं जपून. विद्यार्थ्यांना तो शब्द सवयीचा आहे, पण सामान्य वाचकाला 'विकृत सिलिकॉन' म्हटलं की पोलिसांना बोलवावंसं वाटेल. माझा उपाय साधा: क्रियापद वापरा. 'ताणलेलं सिलिकॉन', 'दाबलेलं सिलिकॉन', आणि जिथे आकडे द्यायचे तिथे 'प्रतिबल' आणि 'विकृती' एकदा समजावून द्या. प्रकाशाच्या भागातही हेच चालेल. मोलिब्डेनम डायसल्फाइडचा एकच थर, जाडी एक नॅनोमीटरपेक्षा कमी, ओढला की त्यातून बाहेर पडणारा प्रकाश तांबड्या बाजूला सरकतो. 'थर ताणला की प्रकाशाचा रंग सरकतो' हे वाक्य कुठल्याही पारिभाषिक शब्दाशिवाय बरोबर आहे.

'अब्जांश'बद्दल थोडक्यात. शब्द अचूक आहे: मराठीत अब्ज म्हणजे शंभर कोटी, आणि नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. 'अब्जांश तंत्रज्ञान' असं लिहिलेलं तुम्हाला सापडेलही. पण 'अब्जांश प्रकाशिकी' म्हटलं की वाचकाला प्रकाशाचा अब्जावा भाग वाटतो, आणि विषय तो नाही. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण 400 ते 700 नॅनोमीटर. तरंगलांबीच्या सुमारे निम्म्यापेक्षा बारीक तपशील साध्या सूक्ष्मदर्शकातून वेगळा दिसत नाही, हे एर्न्स्ट आबे यांनी 1873 मध्ये मांडलं. त्याहून अरुंद जागेत प्रकाशाला कोंडायचं, ही या शाखेची खटपट. म्हणून 'नॅनो-प्रकाशिकी' लिहा आणि पहिल्या उल्लेखाला 'नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग' एवढं सांगा. 'नॅनो' आता परका राहिलेला नाही. टाटांच्या गाडीने तो शहरात नेला आणि नॅनो युरियाच्या बाटलीने बांधावर. 'अतिसूक्ष्म' टाळा, कारण 'सूक्ष्म' आपण 'मायक्रो'ला देऊन बसलो आहोत.

तर तुमचं पहिलं वाक्य असं करता येईल: 'संस्थेत दोन विषयांवर संशोधन चालतं: माणूस ताण कसा पेलतो, आणि प्रकाश व विद्युतभार नॅनो पातळीवर कसे वागतात.' दुसऱ्या भागात: 'सिलिकॉनचा थर ताणून किंवा दाबून त्यातून विद्युतभार अधिक सहज वाहू दिला जातो.'

आणि जाता जाता: तुमच्या मसुद्यात 'लवचिक' आणि 'लवचीकता' असं पडलं आहे. ते उलट हवं. 'लवचीक'मधली ची दीर्घ, 'लवचिकता'मधली चि ऱ्हस्व.