दारू सोडून दोन वर्षं झाली, पण आता पहिल्यासारखा जोर राहिला नाही. निर्धार कसा टिकवावा?

जोर ओसरणारच. सुरुवातीला घरचे कौतुक करतात, भूक लागते, झोप येते, खिशात पैसा उरतो. पुढं ते रोजचंच होतं. आम्ही परभणीचे. यांची दारू सुटून बरीच वर्षं झाली, म्हणून बायकोच्या बाजूनं सांगते: "आता तर बरा झालास की" म्हणणारी माणसं जास्त घात करतात.

यांच्या पुतणीचं लग्न होतं, जिंतूरकडं. हळदीच्या रात्री मांडवामागं ट्रॉलीच्या आडोशाला बाटल्या निघाल्या. मी कासाराकडून बांगड्या भरून घेत होते, कनातीच्या फटीतून सगळं दिसत होतं. मोठ्या दिरांनी स्टीलचा गिलास पुढं केला. "एवढं कच्चं मन आहे का तुझं? एकानं काय होतंय!" हे नाही म्हणाले. पुन्हा आग्रह, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा मात्र हे काहीच बोलले नाहीत, रुमालाचं टोक बोटाला गुंडाळत गिलासाकडं बघत राहिले. माझा एकच हात भरून झाला होता. तशीच उठले, म्हणलं, "चला, गाडी काढा." लेकराला टाकीवर बसवलं आणि रात्रीच परभणी गाठली. अक्षतांना नव्हतो.

दीर अजून म्हणतात, पाहुण्यांत नाक कापलं, हा बायकोच्या तालावर नाचतो. म्हणू द्या. मन खंबीर असलं की एक गिलास चालतो, हे साफ खोटं आहे. वर्षानुवर्षं प्यालेला माणूस मधे कितीही खंड पडला तरी एका गिलासानं जुन्या मापावर जाऊ शकतो. 1935 साली अमेरिकेत एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही दारू सोडणाऱ्यांची संघटना, सुरू करणाऱ्या दोघांपैकी एक तर सर्जन होता. त्याचं काय मन कच्चं होतं? एकट्याच्या निर्धारानं भागत नाही, म्हणून तर ते एकमेकांशी बोलत बसले.

तेव्हा एएच्या मीटिंगचा वार चुकवू नका, जोर वाटो न वाटो. नवीन कुणी सोडायला बघत असेल तर त्याला सोबत न्या. यांना त्यानंच धरून ठेवलं. लग्नाला अक्षतांपुरतं जा, हळदीला नको. आणि घरात एकाला सांगून ठेवा की मी गप्प झालो की मला उठव.

हे सगळं सुटलेल्यांसाठी हं. रोज भरपूर पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम बंद करू नये, झटके येतात, भ्रम होतो, डॉक्टर लागतोच. कुणाच्या सांगण्यावरून भाजीत दारू सोडवायच्या पुड्या कालवू नका. त्यात डायसल्फिराम हे औषध असलं आणि माणूस वर प्याला तर जिवावर बेततं. डॉक्टरांनी त्याला सांगून दिलं तर गोष्ट वेगळी. तुमची मरगळ हटतच नसेल तर 14416 वर टेलिमानसला, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, मराठीत बोलता येतं.

मोठ्या भावाचा मान म्हणून गिलास हातात धरू नका. दिरांच्या मी आजही पाया पडते, दिवाळीला फराळ पाठवते. पण त्यांच्याकडची पुढची हळद आली तरी आम्ही जाणार नाही, हे त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे.