वाचकांचे प्रश्न : सेमला घरी करताना

प्रश्न : स्वीडनचा सेमला मी घरी करून पाहिला. पाव कोरडे झाले, आतले बदामाचे सारण चिवट गोळ्यासारखे लागले आणि वरचे क्रीम पाघळून खाली ओघळले. मूळ पद्धत कोणती आणि माझे नेमके काय चुकले असावे?

उत्तर : आपल्या पहिल्या दोन तक्रारींचे मूळ एकच आहे. सेमल्याच्या पावाचा जो मऊ भाग कोरून काढायचा असतो, तो टाकून न देता सारणातच मिसळायचा असतो. त्यामुळे पाव कोरडा झाला की सारणही बिघडते. पाव कोरडा होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे पीठ हाताला चिकटते म्हणून मळताना वरून घातलेला जास्तीचा मैदा.

बारा पावांसाठी ७५ ग्रॅम लोणी वितळवून त्यात २५० मिलिलिटर दूध घालावे, ते बोटाला जेमतेम कोमट लागेल इतके, म्हणजे सुमारे ३७ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे आणि त्यात २५ ग्रॅम ओले यीस्ट विरघळवावे. मग ८० ग्रॅम साखर, अर्धा चमचा मीठ, दोन चमचे वेलदोड्याची भरड आणि ४५० ग्रॅम मैदा घालावा. त्यातला मूठभर मैदा मात्र मागे ठेवावा आणि अगदी गरज पडली तरच वापरावा. दहा मिनिटे मळल्यावर पीठ भांड्याच्या कडा सोडू लागते, तरी हाताला किंचित चिकटतेच, आणि ते तसेच राहिले पाहिजे. वेलदोडे आयत्या वेळी कुटावेत, पाव कापल्यावर त्यांचे काळे ठिपके दिसले पाहिजेत. तयार पूड वापरली तर सेमला नुसता गोड पाव होतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

पीठ दुप्पट फुगले की गोळे करून पुन्हा अर्धा तास झाकून ठेवावेत, वरून फेटलेले अंडे लावावे आणि २२५ अंशांवर सुमारे दहा मिनिटे भाजावेत. बाहेर काढताच पाव कापडाखाली झाकून ठेवावेत, म्हणजे वरचा पापुद्रा मऊ राहतो.

सारणासाठी १०० ग्रॅम सोललेले बदाम आणि तितकीच साखर, बदामांना तेल सुटू लागेपर्यंत एकत्र वाटावी. स्वीडनमध्ये असे वाटण तयार मिळते आणि त्याला मांडेलमासा म्हणतात. पावाची वरची चकती कापून बाजूला ठेवावी, आतला भाग काट्याने कोरून वाटणात कुस्करावा आणि चमचा-चमचा दूध घालत, सारण चमच्यावरून सावकाश घसरेल इतके सैल करावे. आपल्या सारणात बहुधा हे दूधच कमी पडले असावे. थोडे बदाम भरड कुटून घातले, तर दाताखाली छान येतात.

क्रीम ३६ ते ४० टक्के स्निग्धांशाचे आणि चांगले थंड असावे, आणि पाव पूर्ण निवल्यावरच भरावे. कोमट पावावर कोणतेही क्रीम टिकत नाही. क्रीममध्ये साखर घालू नये, कारण गोडवा सारणात आणि चकतीवर भुरभुरलेल्या पिठीसाखरेत पुरेसा असतो. भरलेला सेमला त्याच दिवशी संपवावा. न भरलेले पाव मात्र फ्रीजरमध्ये उत्तम टिकतात.

प्रश्न : सेमला गरम दुधात घालून खातात, हे खरे आहे का?

उत्तर : खरे आहे, आणि ती रीत आजच्या उंच क्रीमच्या सेमल्याहून जुनी आहे. तिला हेतवेग म्हणतात. हा पदार्थ ईस्टरच्या ४७ दिवस आधी येणाऱ्या मंगळवारचा, म्हणजे उपवासकाळ सुरू होण्याच्या आदल्या दिवसाचा. आता बेकऱ्या तो नाताळ सरताच मांडू लागतात. स्वीडनचा राजा अडॉल्फ फ्रेडरिक १२ फेब्रुवारी १७७१ रोजी अशाच एका मेजवानीनंतर मरण पावला आणि त्याचे खापर हेतवेगवर फुटले. त्या जेवणात लॉबस्टर, कॅव्हिअर, आंबवलेली कोबी, धुरावलेले मासे आणि शॅम्पेनही होते, तेव्हा एकट्या पावाला दोषी धरणे अन्यायाचेच.

करून पाहायचे असल्यास सेमला खोलगट ताटलीत ठेवून कडेने गरम दूध ओतावे, क्रीमवर ओतू नये, आणि आवडत असल्यास दुधावर दालचिनीची पूड भुरभुरावी.